ॲडमिरेबली म्हणजे काय बघून

माझ्या नावावर एकही पुस्तक नाही, पण आमच्या तालुक्यात माझं एक इंग्रजी वाक्य जितक्या भिंतींवर चौकटीत लटकलेलं आहे, तितकं दुसऱ्या कुणाचं नसेल. वाक्य साधं आहे. अमुक अमुक यांनी आपली कर्तव्यं ॲडमिरेबली पार पाडली. पंधराएक वर्षांपूर्वी मी ते एका निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी लिहिलं. हे साहेब नोकरीत असताना दुपारी दोननंतर खुर्चीत दिसले असते तर लोक बघायला जमले असते. पण निरोप समारंभ ठरला होता, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मानपत्र इंग्रजीतच हवं होतं, आणि कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा मी एकटा. चहा गार व्हायच्या आत मजकूर तयार करून दिला.

आमच्याकडे सत्कार बारमाही चालतो. कुणी कुठल्या तरी समितीवर सदस्य झाला, सत्कार. कुणाची पक्षाच्या कुठल्या तरी आघाडीच्या उपाध्यक्षपदी निवड झाली, सत्कार. एकाने नवीन जेसीबी घेतला म्हणून त्याला फेटा बांधलेला मी पाहिला आहे. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांच्या पाट्या दिसू नयेत इतके फ्लेक्स लागतात आणि प्रत्येक फ्लेक्सवर हात जोडलेला एकजण आणि त्याच्या खाली अभिनंदन करणारे वीसजण असतात. शाली तर त्याच त्याच फिरतात. मला एकदा जी शाल मिळाली ती तीन वर्षांपूर्वी मीच दुसऱ्या एकाला पांघरली होती. कोपऱ्यातला चहाचा डाग माझ्याच हातून पडलेला होता, म्हणून ओळखता आली.

या सगळ्याचा मला तिटकारा होता आणि आहे. पण तिटकारा असणं आणि त्यात सामील नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी बरीच वर्षं सोयीने विसरलो. मी व्यासपीठाच्या तिसऱ्या रांगेत बसायचो, मनातल्या मनात सगळ्यांची टर उडवायचो आणि शेवटी माझंच मानपत्र वाचलं जात असताना मान खाली घालून नम्र दिसायचो.

त्या शब्दाची तर मी वर्गात दरवर्षी फोड करून सांगत असे. ॲडमिरेबली हा शब्द मूळचा लॅटिन, तिथून फ्रेंचांकडे आणि मग इंग्रजांकडे आला. आधीचं 'ॲड' म्हणजे 'कडे', आणि 'मिरारी' म्हणजे आश्चर्याने बघणं. एखाद्या गोष्टीकडे बघून माणूस थबकला, तर ती गोष्ट ॲडमिरेबल. मिरॅकल त्याच घरातला, आरशाला म्हणतात तो मिररसुद्धा त्याच घरातला. भाषेचे जाणकार तर आणखी मागे जातात आणि सांगतात की हे कूळ आपल्या स्मित आणि विस्मयाशी जाऊन मिळतं. एके काळी इंग्रजीत या धातूमध्ये स्तुती असलीच पाहिजे असं नव्हतं. वाईट गोष्ट बघून तोंड उघडं राहिलं तरी चालायचं. स्तुती नंतर येऊन चिकटली आणि बघणं हळूहळू गळून गेलं.

पोरांना यातलं काही नको असायचं. एकजण दरवर्षी हमखास विचारायचा की सर, मग ॲडमिरल म्हणजे आश्चर्यकारक माणूस का. मग मी खुलून सांगायचो की तो शब्द वेगळा, तो अरबी अमीरापासून निघालाय, म्हणजे आपल्या निजामाच्या मुलखातल्या अमीर-उमरावांचा जातभाई, फक्त प्रवासात त्याला लॅटिनचा वारा लागला. पोरं हसायची. मला वाटायचं, अख्ख्या बीड जिल्ह्यात हे माहीत असणारा मी एकटा. या घमेंडीवर मी दोन-चार महिने सहज काढायचो.

आता त्या वाक्याचा प्रसार कसा झाला ते सांगतो. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर एक डीटीपीवाला आहे. लग्नपत्रिका, दहाव्याच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, अनुभवाचे दाखले, सगळं एकाच संगणकावर. माझा मूळ मजकूर त्याच्याकडे राहिला होता. पुढच्या वेळी मी मानपत्र द्यायला गेलो तर तो म्हणाला, "सर, तरास कावून घेता? तुमचं ते ॲडमिरेबलीवालं हाय की माझ्याकडं. नाव तेवढं बदलतो."

तेव्हा मी त्याला दोन शब्द ऐकवायला हवे होते. उलट मी सुटलो म्हणून खूश झालो. त्या दिवसापासून मी कुणासाठी नवीन वाक्य लिहिलं नाही. निवृत्त लोकांची मानपत्रं, बदली होऊन जाणाऱ्यांची प्रशस्तिपत्रं, शिक्षकांचे अनुभवाचे दाखले, सगळ्यांची कर्तव्यं ॲडमिरेबली पार पडू लागली. पुढे इतर संस्थांचे लोकही त्याच दुकानात येऊन तोच मजकूर आपल्या लेटरहेडवर काढून घेऊ लागले. परळीकडच्या एका संस्थेचं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा त्यात माझी स्वल्पविरामाची एक चूकही जशीच्या तशी होती. मला त्याचं हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

आमच्या महाविद्यालयाच्या मागे, दोनशे पावलांवर, संस्थेचं हंगामी वसतिगृह चालायचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. त्यांची पोरं शाळा सोडून उसाच्या फडावर जाऊ नयेत म्हणून हे वसतिगृह. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तिकडची मोजणी असते. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला नको असतो.

वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई अशाच ऊसतोडीच्या घरातल्या. डीएड झालेल्या, नवरा दरवर्षी तोडीला जाणारा. पाच वर्षं त्या मागे राहू शकल्या, कारण नवरा आपल्या धाकट्या भावाबरोबर जोडी करून जायचा. यंदा उन्हाळ्यात त्या भावाचं लग्न झालं, आता त्याचा कोयता त्याच्या बायकोबरोबर. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या वसतिगृहाला या वर्षी सरकारची मंजुरी येणार नाही असं कळलं. म्हणजे बाईंना दुसरी नोकरी लागली नाही तर दसऱ्यानंतर त्यांना नवऱ्याबरोबर फडावर जावं लागणार आणि दोन मुलींनाही सोबत न्यावं लागणार. थोरली तिसरीत होती.

हे सगळं त्यांनी मला स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं. तालुक्याला दुसऱ्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली होती, राहायला खोली, मुलींची शाळा त्याच आवारात. अनुभवाला गुण होते. त्यांना पाच वर्षांचा दाखला हवा होता, तोही चांगला लिहिलेला. अध्यक्ष सही करायला तयार होते, मजकूर मी द्यायचा.

मी डीटीपीवाल्याला फोन केला आणि बाईंचं नाव सांगितलं. माझं काम तीन मिनिटांत झालं. बाई दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. मला दोनदा धन्यवाद म्हणाल्या.

भाद्रपदात त्या जागेच्या मुलाखती झाल्या आणि मुलाखत समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मलाच बोलावलं. इंग्रजी तपासायला कुणीतरी लागतं. आपल्याच संस्थेतली उमेदवार असताना मी बसावं की नाही, असा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही, मलाही पडला नाही. समितीत तिघं होतो. त्या संस्थेचे सचिव, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी. मुख्याध्यापिका म्हणजे आयुष्यभर वह्या तपासलेली बाई. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पहिला दाखला मोठ्याने वाचला. मग दुसरा. तिसऱ्याला त्या थांबल्या आणि सगळी फाईल समोर ओढून घेतली.

चौदा अर्जांपैकी सात दाखल्यांत तेच वाक्य. पाच वेगवेगळ्या संस्था, पाच वेगवेगळ्या सह्या, स्वल्पविराम मात्र एकाच चुकीच्या जागी. सचिव खो खो हसले. म्हणाले, या सातजणींनी एकदम एकाच पद्धतीने काम केलेलं दिसतंय. मीही हसलो. माझे कान तापले होते, पण हसलो.

मुख्याध्यापिकांना हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुम्ही इंग्रजीवाले आहात. हे लिहिणाऱ्यानं यातल्या एकीचं तरी काम डोळ्यानं बघितलं असेल का?"

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की वाक्य माझं आहे, आळशीपणाही माझा आहे, पण या सातांपैकी एक बाई आमच्याकडची आहे आणि तिला एकदा नीट विचारा. एवढं म्हणायला पंधरा सेकंद लागले असते. सचिवांपुढे हसं झालं असतं, त्यापलीकडे काही नाही. आणि म्हणालो असतो तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की तुम्ही पाहिलंय का तिचं काम. आणि ते मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, इंग्रजीत असं लिहायची एक पद्धत असते," मी म्हणालो. "त्याला तसा फार अर्थ नसतो."

त्यांनी मान हलवली आणि सातही दाखल्यांना अनुभवाचे गुण शून्य दिले. इतकी वर्षं वर्गात त्या शब्दाचं कूळ सांगणारा मी, त्याला अर्थ नसतो असं सांगून मोकळा झालो.

बाईंची मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. मला तिथे बसलेलं बघून त्यांच्या चेहऱ्यावर जरा धीर आल्यासारखा वाटला. इंग्रजीत स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर त्या दोन वाक्यांत अडल्या. मी खाली बघून गुणपत्रिकेच्या रकान्यात रेघा ओढत बसलो. जागा मिळाली ती डोंगरपट्ट्यातल्या एका मुलीला. तिच्याकडे एका खेड्यातल्या हेडमास्तरांनी हाताने लिहिलेलं मराठी पत्र होतं. वसतिगृहात गोवराची साथ आली तेव्हा ही आठ दिवस घरी गेली नाही, तिच्या हातचं मुली जेवतात, हिशेब सरळ ठेवते पण अक्षर वाईट आहे. एवढंच. मुख्याध्यापिकांनी ते पत्र दोनदा वाचलं. निवड चुकीची झाली असंही मला म्हणता येत नाही.

आठवड्याने बाई महाविद्यालयात आल्या. त्यांना निकाल कळला होता आणि अनुभवाला शून्य मिळाल्याचंही कळलं होतं. भांडायला आल्या असतील असं मला वाटलं आणि मी मनात उत्तरं जुळवून ठेवली. त्यांनी पिशवीतून दाखला काढला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि याचा अर्थ काय होतो ते विचारलं. डिक्शनरीत प्रशंसनीय असं दिलंय, पण मग शून्य का दिलं, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

मी सवयीने सुरू झालो. मूळ लॅटिन, आश्चर्याने बघणं, बघणारा थबकला पाहिजे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चांगला विद्यार्थी ऐकतो तसं.

"मंग तुमी काय बघितलं व्हतं, सर?" त्यांनी विचारलं.

विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की मी कधीतरी येऊन काहीतरी पाहून गेलो असेन. मी तासाला उशीर होतोय असं पुटपुटलो आणि खडू-डस्टर घेऊन निघालो. त्या वेळी माझा तास नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिपायाकडून किल्ली घेऊन मी वसतिगृह बघायला गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. कुलूप काढून शिपाई माझ्या मागे आत आला. रिकामी लांबोळी खोली, कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या. मी म्हणालो असतो की काही नाही इथे, पण मग डावीकडच्या भिंतीकडे नजर गेली.

भिंतीवर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत गेरूने पावलं रेखलेली होती. लहान लहान पावलं, रांगेने, एकेका पोराची. प्रत्येक रांगेत आधी दिवाळीचं पाऊल, मग संक्रांतीचं, मग पाडव्याचं, एकाहून एक जरासं मोठं. मी शिपायाला विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, पोरांचे आईबाप तिकडून बाजारातून चपला घेऊन यायचे आणि त्या दरवर्षी लहान व्हायच्या, कारण त्यांच्या डोक्यात पोराचा जातानाचा पाय असायचा. म्हणून बाईंनी ही पद्धत काढली. दर सणाला पाय भिंतीला लावून रेघ मारायची आणि बोटांनी मोजून माप फोनवर कळवायचं.

"लई रडायच्या बाया फोनवर," शिपाई म्हणाला. "पोरगं केवढं झालं ते नुसतं मापावरून कळायचं ना."

त्याच्या वरच्या अंगाला एक तक्ता होता. प्रत्येक पोराच्या नावापुढे आईबापाच्या टोळीचा मुक्काम आणि तिथे फोनला रेंज केव्हा येते त्याची वेळ. कुणाची पहाटे गाडी भरायच्या आधी, कुणाची दुपारी पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, कुणाची फक्त रविवारी. बाईंकडे फोन एकच, त्यांचा स्वतःचा. चाळीसेक पोरं आणि एकही सुटलेलं नाही. त्या वेळा त्यांनी कशा जमवल्या असतील, किती मुकादमांना किती वेळा फोन केले असतील, मला सांगता येणार नाही.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. शिपाई कुलूप लावायला थांबला होता, त्याने दोनदा खोकून पाहिलं. लाज वाटली, आणि स्वतःचा राग आला, पण त्याच्याही आधी मी नुसता बघत राहिलो होतो हे खरं आहे. इतकी वर्षं ज्यांच्या गळ्यात मी हा शब्द बांधला त्यांतल्या एकासमोरही माझं असं झालं नव्हतं. हिच्या बाबतीत झालं असतं. दोनशे पावलं चालायची तेवढी बाकी होती.

त्या आठवड्यात मी नवीन दाखला लिहिला. मराठीत, हाताने. पावलांचं लिहिलं, चपलांचं लिहिलं, रेंजच्या वेळांचं लिहिलं. चार कागद फाडले, कारण पेन उचललं की मानपत्राची भाषा आपोआप यायला लागायची, थोर आणि अतुलनीय वगैरे. शेवटी एक पान झालं. अध्यक्षांची सही आणायला मात्र दहा-बारा दिवस गेले, कारण ते सत्कारांच्या दौऱ्यावर होते. दरम्यान मी मुख्याध्यापिकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जागा भरली गेल्याचं सांगितलं.

दाखला घेऊन मी बाईंच्या गावी गेलो तेव्हा दसरा होऊन तीन दिवस झाले होते. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. पत्रे, ज्वारीची पोती, स्टोव्ह, कोंबड्यांची डालगी असं सगळं वर चढत होतं. नवरा ताडपत्री बांधत होता. थोरली मुलगी दप्तर पाठीला लावूनच ट्रॉलीत चढून बसली होती आणि ते काढून ठेव असं तिला कुणी म्हणत नव्हतं.

बाईंनी हात पदराला पुसून कागद घेतला. उभ्या उभ्या वाचला, मग परत पहिल्या ओळीपासून वाचला. पावलांच्या ओळीवर त्या थांबल्या.

"बराबर लिवलंय," त्या म्हणाल्या. आणि मग ट्रॉलीकडे बघून, "आता ह्ये कुणाला दाखवू, सर? मुकादमाला?"

मी म्हणालो की पुढे कधी जागा निघेल, ठेवून द्या. त्यांनी तो चार घड्या घालून ब्लाउजच्या आत ठेवला, कोयत्यांचं गाठोडं उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. यंदा त्यात कोयते दोन होते, दुसरा बाईंचा.